वॉर्डातल्या सासूबाई

४ जानेवारी

प्रिय वन्सं,

पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळे ठीक आहेत. तुझा भाऊ समोर बसून चहा पितोय आणि मी कुणाला लिहितेय ते दिसावं म्हणून मान लांब करतोय. फोन केला असता, पण जे विचारायचंय ते फोनवर विचारण्यासारखं नाही. मोबाईलवर लिहिलेलं कुठे कुठे जाऊन बसतं कोण जाणे. कागद निदान फाडता तरी येतो.

आमच्या बाळंतिणींच्या वॉर्डात एक नवं प्रकरण आलंय. चाकांच्या स्टँडवर बसवलेला टॅब. ज्या बाळांची साखर पहिल्या दिवसात घसरण्याची भीती असते, म्हणजे आईला डायबेटीस असलेली, फार बारकी किंवा फारच धष्टपुष्ट, त्यांची सगळी माहिती त्यात भरायची. मग तो आम्हाला हुकूम सोडतो. आता टाचेला टोचून साखर बघा, आता आईकडे पाजायला द्या, आता गालाच्या आतून साखरेचं जेल चोळा, आता डॉक्टरांना बोलवा. प्रत्येक काम केलं की काचेवर बोट दाबून ‘केलं’ म्हणायचं. नाही दाबलं तर पिंप पिंप करून वॉर्ड डोक्यावर घेतो. मुलींनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, सासूबाई. तुझी आई किती गरीब होती ते मला आत्ता कळतंय.

मला त्या आवडलेल्या नाहीत हे तुला वेगळं सांगायला नको. बाळ नुसतं उचललं तरी त्याचं काय बिनसलंय ते मला कळतं, हे तू स्वतःच लोकांना सांगत फिरायचीस. टोचण्याची माझी रीतसुद्धा तुला माहीत आहे. टाचेवर स्पिरिट फिरवायचं, ते गार लागतं म्हणून पाऊल मुठीत धरून चांगली ऊब द्यायची आणि मगच टोचायचं. बाळ हूं की चूं करत नाही. वॉर्डातल्या मुलींना ही रीत मी लावली, कुठल्या टॅबने नाही.

आता खरं सांग. तू मुख्य कार्यालयात याच खात्यात बसतेस. काचेवर बोट दाबायच्या आधी प्रत्येकीला आपला नंबर घालावा लागतो. म्हणजे कोण कधी टोचतं, कोण कधी पाजतं, हे सगळं कुणीतरी तिकडे बघत असणार. बाळांच्या साखरेसाठी आमचा नंबर कशाला लागतो? कुठेतरी पाणी मुरतंय असं मला वाटतं. आणि ही सासू आमच्या गळ्यात तूच बांधलीस का, तेही एकदा सांगून टाक.

तुझी लेक मजेत आहे. साखर इंजेक्शनवर आटोक्यात आहे, तोंड मात्र आटोक्यात नाही. रविवारी जावईबापूंना घेऊन येते, जेवते आणि आमच्या पलंगावर पसरते. बाळंतपण मामीच्या वॉर्डात आणि मामीच्याच हातून, असं तिने जाहीर केलंय.

तुझी, अजून तरी लाडकी,
वहिनी

१३ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून मी ऑफिसात एकटीच हसले, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. आपण नर्सिंग शिकत होतो तेव्हा तू वॉर्डनबाईंवर असाच संशय घ्यायचीस. त्या चपला काढून हळूच येतात असं तुझं ठाम मत होतं. दादाशी तुझी गाठ मी घालून दिली, त्यातही माझा काय डाव आहे ते तू वर्षभर शोधत होतीस.

टॅब मी पाठवला नाही. ज्या कामाची सगळ्या नर्सेसना आठवण करून द्यावी लागते, ते काम यंत्राने आठवून द्यावं इतकाच हेतू आहे. साखर घसरलेलं बाळ शांत झोपल्यासारखं दिसतं, आणि तेवढ्यात त्याच्या मेंदूला इजा होते, हे मी तुला काय सांगू. कुठल्या बाळाला कधी बघायचं ते चुकू नये, एवढंच. मला दिसतात ते वॉर्डाचे एकूण आकडे. कुणी टोचलं, कुणी पाजलं, ती नावं मला दिसत नाहीत. तेव्हा निर्धास्त राहा.

लेकीकडे लक्ष ठेव. तिला नुसतं रागावून भागत नाही, ती ऐकल्यासारखं करते. हो, आणि गेल्या वर्षी इथे माझ्या हाताखाली शिकून तुमच्याकडे आलेली ती बारीकशी मुलगी, जिला आम्ही चिमणी म्हणायचो, ती कशी आहे? काम जमतंय ना तिला?

तुझी,
वन्सं

६ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

आधी आनंदाची बातमी. तुमच्या कार्यालयाकडून आमच्या मेट्रनबाईंना शाबासकीचं पत्र आलं. जेल दिल्यावर बाळांची साखर जितकी झटपट आमच्याकडे वर येते तितकी कुठेच येत नाही म्हणे. मेट्रनबाईंनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. मी आपली मान खाली घालून उभी होते, पण कान उघडे होते. सासूबाईंशी आता आमचं बरं जुळलंय. फक्त त्यांची काच सारखी चिकट होते. येता जाता जी ती बोट लावते. मग मुली गाऊनच्या बाहीने पुसतात आणि मी ओरडते.

आता तुझी चिमणी. तू विचारलंस तेव्हाच मला वाटलं होतं की एवढ्या मुलींतून हिचीच चौकशी का. वन्सं, तिच्या ड्युटीला बाळांची साखर वर येत नाही. जेल देते, पाजायला लावते, तरी पुढचा आकडा रडका. मग डॉक्टरांना बोलवा, सलाईन लावा, बाळाला आईपासून उचलून न्या. तीच बाळं माझ्याकडे असती तर आईच्या कुशीत राहिली असती.

मी तिच्यावर नजर ठेवली. काम कासवाच्या गतीने. बाळाचं पाऊल कोमट पाण्याच्या बोळ्याने धूत बसते, मग कोरडं करत बसते, काचेला बोट न लावता पेनच्या टोकाने दाबते. मी विचारलं, एवढं सोवळं कशासाठी, तर म्हणे स्पिरिटने कातडी सोलते. मला उत्तर शिकवून पाठवल्यासारखं वाटलं. दुपारी एकटीच कोपऱ्यात बसून मोबाईलवर काहीतरी लिहीत असते.

ती तुला लिहिते का? मला खरंच राग येणार नाही, फक्त माहीत असू दे. माझ्या मनात पाल चुकचुकली ती अशी, की आमचे आकडे इतके चांगले आले की कुणाला तरी खुपणार, आणि ते बिघडवायला आतलंच माणूस लागतं. तूर्त मी तिला वॉर्डातून काढून लसीकरणाच्या खोलीत बसवलंय. मेट्रनबाईंना सांगितलं की तिचा हात अजून बसलेला नाही. तिचे डोळे तेवढे भरले.

लेकीचा नववा लागला. पाय सुजतात, पण रक्तदाब ठीक आहे.

तुझी,
वहिनी

१४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

चिमणी मला लिहीत नाही. तिचं मागच्या वर्षी लग्न ठरून मोडलं, मोबाईलवर काय लिहीत असेल ते तिचं तिला माहीत.

मला तुला एक विचारायचंय, आणि कसं विचारावं ते कळत नाही म्हणून सरळ विचारते. तुमचे आकडे फार चांगले आहेत. जेल दिलेल्या शंभर बाळांत काहींची साखर परत घसरतेच, सगळीकडे घसरते. तुमच्याकडे घसरतच नाही. परवा आमच्या मोठ्या डॉक्टरांनी कागद बाजूला सारला आणि म्हणाले, ही बाळं आहेत की दिवे, बटण दाबलं की लागतात? सगळे हसले. मी हसले नाही. इथे लोकांना वाटतंय की तुमच्या सिस्टर्स न टोचताच मनाने आकडे भरतात. काम फार असतं, सासूबाई वाजत राहते, एखादी करत असेल. मी त्यांना सांगितलं की तो वॉर्ड कुणाचा आहे ते मला माहीत आहे.

पण तुला मात्र विचारते. कुणी करतं का तसं? तू चिमणीला काढलंस ते बरोबर केलं नाहीस. तिचे आकडे बाकी सगळ्या वॉर्डांसारखेच आहेत. वेगळी ती नाही, वेगळ्या तुम्ही आहात.

रागावू नकोस. माझी लेक तिथे येणार आहे, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
वन्सं

२० फेब्रुवारी

सौ. वन्सं यांस,

आपलं पत्र पोचलं. दोनदा वाचलं. आपण महिन्यापूर्वी लिहिलं होतंत की नावं दिसत नाहीत. आता चिमणीचे आकडे वेगळे काढून तुम्हाला कुणी दाखवले? मोठ्या डॉक्टरांनी, की तुम्ही रोज सकाळी चहाबरोबर आमचे सगळ्यांचे नंबर चाळता? मी पहिल्याच पत्रात विचारलं होतं. तुम्ही तोंडावर खोटं लिहिलंत.

दुसरं. काल जावईबापू आले होते. माणूस भोळा आहे, पोटात काही राहत नाही. सासूबाईंनी, म्हणजे तुम्ही, त्यांना फोन करून नदीपलीकडच्या हॉस्पिटलात नाव घालता येईल का ते बघायला सांगितलं, हे त्यांच्या तोंडून निघून गेलं. माझ्या घरी, माझ्या हातचा चहा पिता पिता. तुमच्या भावाने खाली पाहिलं. त्यालाही माहीत होतं तर. माझ्या पाठीमागे सगळं घर एक झालंय आणि मी आपली तुमच्या लेकीसाठी दुपटी शिवतेय.

इतकी वर्षं या हातांनी बाळं झेलली. कुणाच्या कागदावर आजवर मी एक आकडा मनाने लिहिलेला नाही आणि कुणाला लिहू दिलेला नाही. मी स्वतः बाजूला उभी राहून बघते. प्रत्येक टाच टोचली जाते, प्रत्येक थेंब माझ्यासमोर पट्टीवर चढतो. तुमचे मोठे डॉक्टर हसले तर हसू देत. तुम्हाला विचारावंसं वाटलं, याचं मला फार लागलं.

आता ऐका. तुमच्या लेकीला मी काहीच बोललेले नाही. ती माझ्याकडेच येणार म्हणतेय. आली तर तिच्या बाळाला दुसरं कुणी हात लावणार नाही. जेल मी देणार, टाच मी टोचणार, काचेवर बोटही माझंच. तुमच्या त्या टॅबमध्ये माझ्या नंबराखाली सगळं दिसेल. बघत बसा.

आपली,
भावजय

२६ फेब्रुवारी

वहिनी,

नावं दिसतात. पहिल्यापासून दिसतात. आम्हाला सांगून ठेवलं होतं की वॉर्डात कळू द्यायचं नाही, नाहीतर सिस्टर्स टॅबला घाबरतील आणि त्याच्यासाठी काम करतील, बाळासाठी नाही. मला तेव्हा ते पटलं होतं. तुझ्याशी खोटं बोलताना मात्र पटलं नव्हतं.

जावईबापूंना फोन केला हेही खरं. लेकीने उलट मलाच झाडलं. मामी नसेल तर मी घरीच बाळंत होईन, म्हणाली. तेव्हा ते संपलं.

तू आकडे मनाने लिहीत नाहीस यावर माझा विश्वास आहे. पण आकडे खोटे आहेत यावरही माझा विश्वास आहे, आणि या दोन्ही गोष्टी एकदम माझ्या डोक्यात मावत नाहीत. मशीनच बिघडलंय का? तुमचं साखर मोजायचं मशीन मागवून तपासलं, ते चांगलं निघालं. मग काय राहिलं ते मला इथे बसून दिसत नाही.

एकच मागते. बाळ होईल तेव्हा चिमणीला वॉर्डात ठेव. कारण विचारू नकोस, माझ्याकडे कारण नाही. मला रजा मार्चच्या मध्यावर मिळणार आहे. तोवर तुझ्यावर सोपवते.

तुझी,
वन्सं

२० मार्च

वन्सं,

तू आलीस, लेकीकडे चार दिवस राहिलीस आणि माझ्याशी एक शब्द न बोलता गेलीस. तुझ्या भावाला म्हणे जिन्यात भेटलीस. जावईबापूंनी तुला काय काय सांगितलं मला माहीत नाही. ते त्या वेळी बाहेर बाकावर होते. म्हणून जे झालं ते मीच लिहिते. तुला वाचावंसं वाटलं नाही तर ठेवून दे, पण फाडू नकोस.

चिमणीला मी वॉर्डात ठेवलं नाही. तू मागितलंस म्हणूनच ठेवलं नाही. मला वाटलं, तुला तुझं माणूस तिथे हवंय.

बाळ सकाळी झालं. गुबगुबीत, रंगाने लाल, रडायला खणखणीत. पहिली तपासणी प्रसूतीच्या खोलीतच होते, टॅब तिथे नसतो. त्यात साखर कमी आली. डायबेटीस असलेल्या आईचं बाळ, त्यात नवल नव्हतं. सासूबाईंनी सांगितलं की जेल चोळा, पाजा आणि थोड्या वेळाने परत बघा. मी बोटाने गालात जेल चोळलं, त्याच बोटाने काचेवर ‘केलं’ दाबलं, ग्लव्ह काढून टाकला. परत बघायची वेळ झाली तेव्हा नवा ग्लव्ह घातला, काचेवर ‘तपासणी सुरू’ दाबलं, टाचेवर स्पिरिट फिरवलं, पाऊल मुठीत धरलं आणि टोचलं. आकडा छान आला. पुढच्या खेपेलाही छान. सासूबाईंची काच हिरवी झाली, म्हणजे आता काळजी नाही. तुला खरं सांगते, तेव्हा मला बाळाच्या आधी तुझीच आठवण झाली. म्हटलं, बघा आता.

लेक म्हणाली, मामी, हा ओढत नाहीये. मी म्हटलं, दमलाय, झोपू दे. थोड्या वेळाने ती परत म्हणाली, “मामी, हा मला बरा वाटत नाही.”

त्याची हनुवटी थरथरत होती. हात उचलून सोडला तर पडला तसाच पडून राहिला. इतर कुणाचं बाळ असतं तर मी धावले असते. पण आकडा माझ्या हातचा होता, म्हणून मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. आणि त्यानंतर मी जे केलं ते चांगल्या मनाने केलं असं तू समजू नयेस म्हणून मुद्दाम सांगते. मी चिमणीला लसीकरणाच्या खोलीतून बोलावून घेतलं ते मदतीला नव्हे. हिला टोचायला लावायचं आणि ही खोटा आकडा कसा काढते ते तुझ्या लेकीदेखत पकडायचं, असं माझ्या मनात होतं.

ती आली. तिने टॅबकडे पाहिलंही नाही. बाळाचं दुसरं पाऊल कोमट पाण्याने धुतलं, कोरडं केलं, टोचलं. मशीनने आकडाच दाखवला नाही, नुसतं ‘कमी’ म्हणून दाखवलं, इतकी साखर खाली. मी तिच्यावर ओरडले, काय केलंस तू? ती म्हणाली, “सिस्टर, मी फक्त पाय धुतला.” आणि माझ्या उत्तरासाठी न थांबता डॉक्टरांना हाका मारत पळाली.

बाळाला शेजारच्या खोलीत नेलं, सलाईन लावलं. दाराच्या फटीतून मला त्याचं पाऊल तेवढं दिसत होतं. लेक इकडे पलंगावर रडत होती आणि मी तिच्याजवळ गेले नाही, मला जाता आलं नाही. भिंतीला टेकून मी तोंडावर हात दाबून धरला. ग्लव्ह तसाच हातात होता. तोंडाला गोड लागलं.

ग्लव्ह नवा होता. काचेला आणि बाळाला सोडून त्याने कशालाच हात लावला नव्हता. मी सासूबाईंपाशी गेले, काचेवर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. वन्सं, काच गोड होती. आम्ही सगळ्याजणी जेल चोळून त्याच बोटाने ‘केलं’ दाबत होतो, आणि पुढच्या वेळी नव्या ग्लव्हने तीच काच दाबून तोच हात बाळाच्या पावलाला लावत होतो. स्पिरिट आधी, मूठ नंतर. पुसून झालेल्या टाचेला मी परत साखर लावत होते. खात्री करायला मी साबणाने हात धुऊन माझं बोट टोचलं, आकडा रोजचा आला. मग तेच बोट काचेवर घासून दुसरा थेंब काढला. दुपटीच्या वर गेला. साखर बाळाच्या रक्तात नव्हती, माझ्या मुठीत होती.

कुणी मनाने आकडे लिहिले नव्हते. मशीन चांगलं होतं. सासूबाई जे सांगत होत्या ते आम्ही दिलेल्या आकड्यांवरून बरोबरच सांगत होत्या. आणि चिमणीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिच्याकडचीच बाळं का घसरतात या विचाराने ती दोन महिने झोपली नव्हती. कोपऱ्यात बसून मोबाईलवर लिहायची ते तुला नाही, तिच्या आईला. मला नोकरी सोडून घरी येऊ का, म्हणून. मी तिची माफी मागितली तर ती घाबरली. तिला वाटलं, आता काहीतरी नवीन निघालं.

बाळ संध्याकाळी डोळे उघडून रडलं. दुसऱ्या दिवशी ओढायला लागलं. डॉक्टर म्हणतात, लवकर हाती लागलं, पण वर्षभर लक्ष ठेवू. हे तुला कळलं असेलच.

आता जे तुला कळलेलं नसेल ते सांगते. जानेवारीपासून ज्या ज्या बाळांना जेल दिलं, त्यांचे नंतरचे आकडे खरे धरता येत नाहीत. हिरवी काच बघून आम्ही त्यांना आईजवळ ठेवलं आणि घरी पाठवलं. मी डॉक्टरांना म्हटलं, सगळ्यांना परत बोलवायला हवं. ते म्हणाले, सिस्टर, सगळी हसतखेळत घरी गेलीत, उगाच आयांच्या मनात भुंगा कशाला सोडायचा? मेट्रनबाई तर मूग गिळून बसल्यात. शाबासकीचं पत्र त्यांनी फ्रेम करायला टाकलंय. मला वरून कुणाचा तरी आवाज हवा आहे. तुझ्याकडे तो मागायचं तोंड मला उरलेलं नाही. तरी मागते.

वहिनी

२८ मार्च

वहिनी,

तुझ्याशी बोलले असते तर तोंडून काय गेलं असतं ते मला माहीत होतं, म्हणून बोलले नाही. लेकीच्या घरी रात्रभर मी बाळाच्या नाकाशी बोट धरून बसायची. तुला माफ केलं असं मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर ते तुला खोटं वाटेल, आणि आपल्यात आधीच एक खोटं झालंय, ते माझं होतं.

तुझं पत्र मी मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. नाव काढून नाही, तुझ्या नावासकट. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं. मग बसून परत वाचलं. ‘बाळं की दिवे’ हे वाक्य त्यांना कुणी आठवून दिलं नाही, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. आणखी दोन वॉर्डांचे आकडे असेच फार चांगले होते. आम्ही त्यांचीही पाठ थोपटली होती. तिथे फोन गेले. दोन्हीकडे काच चिकट निघाली. इतके दिवस आम्ही इथे बसून विचारत होतो की आकडे कोण खोटे लिहितंय. तुम्ही हातांनी नेमकं काय करता, हे कुणीच विचारलं नाही, मीसुद्धा नाही, आणि मी तर हे काम केलेली बाई.

यापुढे प्रत्येक तपासणीच्या आधी टॅब हात आणि बाळाचं पाऊल पाण्याने धुवायला सांगेल, आणि बोटाऐवजी पायाने दाबायचं बटण येणार आहे. सगळ्या बाळांना परत बोलवायचा आदेश निघाला. मेट्रनबाईंच्या हातात तो तुझ्या आधी पडेल. आयांना बोलवायचं काम तूच कर. चिमणीला बरोबर घे.

लेकीने तुझ्याविषयी मला काही सांगितलं नाही. मी विचारलं तर विषय बदलला. तिच्याकडे जा.

वन्सं

१९ एप्रिल

प्रिय वन्सं,

बाळं येऊन गेली. सगळी आली असं म्हणवत नाही. एका घराला कुलूप होतं, एका आईने फोनवरच सांगितलं की आमचं बाळ चांगलं आहे, तुम्ही आम्हाला घाबरवू नका. बाकीच्या आल्या त्या संशय घेऊनच आल्या. आता का बोलावलं, तेव्हा का सांगितलं नाही, आमच्यापासून काय लपवताय? मी प्रत्येकीला समोर बसवून झालं ते सगळं सांगितलं. एक आई उठून चालायला लागली. चिमणी तिच्या मागे जिन्यापर्यंत गेली आणि तिला परत घेऊन आली, काय बोलली ते मला माहीत नाही. बाळं तपासली, बहुतेक सगळी ठीक आहेत. एका बाळाबद्दल डॉक्टर अजून काही बोलत नाहीत. त्याची आई दर सोमवारी येते. मेट्रनबाई माझ्याशी कामापुरतं बोलतात. चिमणीला मी परत वॉर्डात आणलंय. नव्या मुलींना टोचायचं आता ती शिकवते, मी मागे उभी असते.

तू सांगितलंस म्हणून काल लेकीकडे गेले. आधी फोन केला नाही, नको म्हणाली असती तर मला पेललं नसतं. तिनेच दार उघडलं. आत ये म्हणाली, पाणी दिलं, दुपट्यांबद्दल बोलली. बाळ तिच्या खांद्यावर होतं, आता नजर चांगली धरायला लागलंय, माझ्याकडे टकामका बघत होतं. मी हात पुढे केले. पूर्वी ती मी मागायच्या आधीच काहीही माझ्या हातात टाकायची. काल तिने आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, माझ्या हातांकडे पाहिलं. उलटे, सुलटे, नखांपर्यंत.

मला रडू आलं. मोरीत गेले, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले आणि तिला दिसतील असे पुढे धरून परत आले. ती तोवर दारातच उभी होती. बघत होती.

मग तिने बाळ दिलं. दिलं, पण त्याचं एक पाऊल मात्र तिने आपल्या मुठीत धरून ठेवलं होतं. मी होते तितका वेळ ते सोडलं नाही.

तुझी,
वहिनी